वटारलेले डोळे, फिरवलेले डोळे

डोळे वटारणं आणि डोळे फिरवणं या दोन गोष्टी एक नव्हेत. वटारतो तो वरचा. पाटील वटारायचा, मामलेदार वटारायचा. खालचा माणूस समोर उभं राहून वटारू शकत नाही. पाटलाची पाठ वळली की तो बुबुळं वर चढवतो, म्हणजे ऐकलं बाबा तुझं, पटलं नाही. आमच्या गडहिंग्लजकडच्या आयाबायांना हे करताना मी लहानपणापासून बघत आलोय. इतिहासवाल्यांनी मुजरे मोजले, हे मोजलं नाही.

भाषासुद्धा त्यांचीच. सवर्णाला पटलं नाही तर त्यानं ‘भुवया उंचावल्या’. आपल्या पोरानं नुसती मान वर केली तर त्याचे ‘डोळे फिरले’, म्हणजे माज आला!

जोहार घालायचा म्हणजे वाकायचं. वाकलेल्याला समोरच्याचे पाय दिसतात, तोंड नाही. त्यामागं महारकी होती, वतनाच्या तुकड्यासाठी सगळ्या गावाची राबणूक. 1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते वतन मोडलं. गडहिंग्लज त्याच संस्थानात. 1919 साली शाळा, दवाखाने, पाणवठे यांवर शिवाशीव पाळू नये असे हुकूम निघाले.

मग पाळी आली त्यांची. समोर राजा, उघड बोलायची सोय नाही. गंगाराम कांबळे यांचंच बघा. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांनी मार खाल्लेला. पुढं महाराजांच्या पाठबळावर त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल घातलं. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. त्या मंडळींनी कप तोंडाला लावताना डोळे कुठं कुठं फिरवले असतील, हे कुठल्या दप्तरात सापडायचं नाही. पण चहा प्याले, झक मारत.

मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी अठ्ठावीस वर्षांच्या बाबासाहेबांकडं बोट दाखवून सांगितलं, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तिथं जमलेल्यांना खाली बघायचं कारण उरलं नव्हतं.

आज ऑफिसात नवा माणूस ‘राखीव जागेवरचा’ आहे असं कळलं की टेबलापलीकडं बुबुळं वर जातात. तोंडानं कुणी काही बोलत नाही, कायदा आहे ना! संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी 50 टक्के मागासलेल्यांना द्याव्यात, हा महाराजांचा हुकूम 26 जुलै 1902 चा. तेव्हापासून ती बुबुळं खाली आलेली नाहीत.