ख्रिस्ती घरात मुलांना धर्माची ओळख कशी करून दिली जाते? बाप्तिस्मा, संडे स्कूल आणि दृढीकरण म्हणजे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती राहतात. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याहूनही थोडं कमी आहे. वसईतले मराठी बोलणारे कॅथलिक असोत किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातली प्रोटेस्टंट कुटुंबं, आपली श्रद्धा पुढच्या पिढीपर्यंत कशी पोहोचवायची हा प्रश्न दोघांपुढेही असतो.

त्यातूनच दुसरा प्रश्न निघतो. श्रद्धा आई-वडिलांकडून मिळते की ती ज्याची त्याने निवडायची असते? याच मुद्द्यावर ख्रिस्ती पंथांमध्येही मतभेद आहेत.

बाप्तिस्मा कोणत्या वयात होतो?

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती धर्मातला प्रवेशविधी. मराठी कॅथलिक त्याला स्नानसंस्कार असंही म्हणतात.

कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा व्हावा, असा नियम आहे. पण १९८३ च्या धर्मविधी संहितेत त्यासाठी एक अट आहे. हे मूल ख्रिस्ती श्रद्धेत वाढेल, अशी खात्रीलायक आशा हवी. ती अजिबात दिसत नसेल, तर बाप्तिस्मा लांबणीवर टाकला जातो आणि त्याचं कारण आई-वडिलांना सांगितलं जातं. म्हणजे विधीइतकंच महत्त्व त्यानंतरच्या संगोपनाला दिलं जातं.

बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांची भूमिका वेगळी आहे. विश्वास ठेवण्याचा निर्णय व्यक्तीने स्वतः घ्यायला हवा, असं त्या मानतात. त्यामुळे तिथे तान्ह्या बाळाला प्रार्थनापूर्वक देवाला अर्पण केलं जातं. बाप्तिस्मा मात्र मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हाच होतो.

१९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, तेव्हाही हा पेच होता. त्यांनी दोन्ही पद्धतींना मान्यता दिली.

धर्ममातापित्यांचं काम काय?

कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी किमान एक धर्मपिता किंवा धर्ममाता निवडली जाते. ही व्यक्ती सर्वसाधारणपणे १६ वर्षं पूर्ण केलेली आणि दृढीकरण झालेली कॅथलिक असावी लागते. मुलाचे स्वतःचे आई-वडील ही भूमिका घेऊ शकत नाहीत.

अनेक घरांत हे नातं वाढदिवसाच्या भेटवस्तूपुरतं उरतं. चर्चची अपेक्षा मात्र त्याहून मोठी आहे. मुलाला श्रद्धेविषयी काही विचारायचं असेल, तर आई-वडिलांशिवाय आणखी एक मोठं माणूस त्याच्याजवळ असावं, हा त्यामागचा हेतू आहे.

संडे स्कूल कुठून आलं?

१७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी गरीब मुलांसाठी रविवारचे वर्ग सुरू केले. ही मुलं आठवडाभर काम करायची. रविवारी त्यांना बायबलच्या आधारे वाचायला शिकवलं जाई. या वर्गांतूनच संडे स्कूलची चळवळ पसरली.

महाराष्ट्रातल्या मिशनरींनी छापील साहित्यावरही भर दिला. १८७३ मध्ये सुरू झालेलं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक अमेरिकन मिशनचंच होतं.

आजच्या वर्गांत बायबलमधल्या गोष्टी, प्रार्थना, गाणी आणि दहा आज्ञा शिकवल्या जातात. कॅथलिक मुलांसाठी पुढचा टप्पा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा असतो. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये त्यासाठीचं वय कमी करून ते सातच्या आसपास आणलं. ही साधी भाकर नाही, एवढं मुलाला कळायला हवं, अशी अपेक्षा होती. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना १२-१४ वर्षांपर्यंत थांबावं लागे.

घरात काय घडतं?

मुलांचे पहिले धर्मशिक्षक आई-वडीलच, असं चर्च मानतं. आठवड्यातला एक तास घराची जागा घेऊ शकत नाही, हे त्यामागचं साधं कारण. जेवणाआधीची प्रार्थना, संध्याकाळची जपमाळ, आजारी शेजाऱ्याची विचारपूस, भांडण झाल्यावर मागितलेली माफी, यांतून मूल शिकत असतं. घरात खोटं बोललेलं चालत असेल, तर आठवी आज्ञा पाठ असून उपयोग नसतो.

भाषेचाही प्रश्न असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा होऊ लागली. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं. पण घरी सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाने प्रार्थना कोणत्या भाषेत करायची, हे प्रत्येक घराला ठरवावं लागतं.

आई-वडिलांचे धर्म वेगळे असतील तर?

कॅथलिक चर्चच्या परवानगीने आंतरधर्मीय लग्न करताना कॅथलिक जोडीदाराला एक वचन द्यावं लागतं. मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं यासाठी आपल्याकडून होईल तितका प्रयत्न करीन, असं हे वचन असतं. दुसऱ्या जोडीदाराला वचन द्यावं लागत नाही, फक्त त्याची कल्पना दिली जाते. त्यामुळे दोघांनी लग्नाआधीच या विषयावर मोकळेपणाने बोललेलं बरं. बारशाच्या दिवशी आजी-आजोबांसमोर वाद निघाला, तर तो सोडवणं अवघड जातं.

मुलाने नकार दिला तर?

राज्यघटनेच्या कलम २८ (३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणासाठी बसवता येत नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात मुलाचं धर्मस्वातंत्र्य मान्य केलं आहे. मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला दिशा देण्याचा पालकांचा हक्कही त्यात आहे.

चर्चच्या परंपरेत या समजेसाठी दृढीकरणाचा टप्पा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आई-वडील आणि धर्ममातापित्यांनी दिलेली उत्तरं इथे मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या तोंडाने देते. सगळे वर्गमित्र उभे राहिले म्हणून दिलेल्या होकाराला फारसा अर्थ नसतो. म्हणूनच किशोरवयात "देव आहे कशावरून?" असं विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवण्यापेक्षा त्याच्याशी बोलणं महत्त्वाचं ठरतं. विचारण्याची मुभा असेल, तरच पुढचा होकार त्याचा स्वतःचा असेल.