वस्ती आधी, बाजार नंतर : नव्या गृहसंकुलांतील व्यापारी गाळ्यांचे गणित

शहराच्या सीमेवर नवे गृहसंकुल उभे राहू लागले की सदनिकांच्या जाहिरातींपाठोपाठ आणखी एक फलक हमखास झळकतो : ‘दुकाने व कार्यालये उपलब्ध’. हजारभर कुटुंबे येथे राहावयास येणार, त्यांना दूध, औषधे, किराणा लागणारच, तेव्हा गाळ्याला मरण नाही, असा युक्तिवाद विक्रेता करतो. निवृत्तीनंतर हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम गुंतवू पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाला तो पटतोही. युक्तिवाद चुकीचा नाही. मात्र तो अर्धवट आहे. नवी घरे व्यापारी जागांची मागणी निश्चितच निर्माण करतात, परंतु ती मागणी घरे विकली गेल्याने नव्हे, तर त्यांत माणसे राहू लागल्याने निर्माण होते. या दोन घटनांमध्ये कित्येकदा अनेक वर्षांचे अंतर असते. गाळ्यातील गुंतवणुकीचे यशापयश बव्हंशी या अंतरावर ठरते.

मागणीचा क्रम

नव्या वसाहतीत व्यवसाय एका विशिष्ट क्रमाने येतात. बांधकाम सुरू असताना मजुरांसाठी चहा-वडापावची टपरी, बांधकाम साहित्याचे दुकान आणि मालमत्ता दलालांची कार्यालये दिसू लागतात. ताबे मिळू लागताच लोखंडी जाळ्या, फर्निचर, स्वयंपाकघराचे ओटे, पडदे व विजेची उपकरणे यांची दुकाने जोरात चालतात. हा बहर मात्र तात्पुरता असतो. घरे सजून झाली की ही मंडळी पुढच्या वसाहतीकडे वळतात.

तिसऱ्या टप्प्यात दैनंदिन गरजांचा व्यापार स्थिरावतो : किराणा, दूध, भाजी, पिठाची गिरणी, इस्त्री, केशकर्तनालय आणि औषधांचे दुकान. औषधांच्या किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. त्यामुळे अगदी लहान गाळे या व्यवसायासाठी बाद ठरतात. त्यानंतर डॉक्टरांचे दवाखाने, शिकवणी वर्ग, पाळणाघरे आणि बँकांच्या शाखा येतात. सराफी पेढ्या, तयार कपड्यांची मोठी दालने आणि मॉल सर्वांत शेवटी येतात, कारण त्यांना केवळ एका वसाहतीचे नव्हे, तर सभोवतालच्या अनेक वसाहतींचे ग्राहक लागतात.

अलीकडे या क्रमात एका नव्या भाडेकरूची भर पडली आहे. काही मिनिटांत घरपोच सामान पोहोचविणाऱ्या कंपन्या दाट वस्तीलगत साठवणुकीसाठी जागा भाड्याने घेतात. त्यामुळे एका प्रकारच्या जागेची मागणी वाढली, तरी किराणा दुकानाचा ग्राहक त्याच प्रमाणात घटण्याचा धोकाही आहे.

नवी मुंबईचा धडा

हे सारे नवी मुंबईइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या परिसरातील ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे शहर आखले. प्रत्येक उपनगर आपापल्या परीने स्वयंपूर्ण असावे आणि रोजच्या गरजा जवळपास भागाव्यात, अशी कल्पना होती. सिडकोने घरे व भूखंड दिले, अनेक इमारतींच्या तळमजल्यावर गाळ्यांची तरतूद झाली. पण केवळ आराखड्यात दाखविल्याने बाजार भरत नाही.

वाशीला खरी गती दोन गोष्टींनी दिली. पहिली, मुंबईतील घाऊक कृषिमालाच्या बाजारपेठा १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने येथे आल्या. दुसरी, १९९२ मध्ये खाडीपुलावरून उपनगरी रेल्वे वाशीत पोहोचली आणि पुढे १९९८ पर्यंत ती पनवेलला जाऊन भिडली. मुंबईत नोकरी करणाऱ्यांना येथे राहणे त्यामुळे सुलभ झाले. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख होती. २०११ मध्ये ती ११ लाखांवर गेली. वस्ती अशी दाट होत गेली, तसतसा स्थानकांभोवतीचा आणि मुख्य रस्त्यांवरचा व्यापारही वाढत गेला.

उलवे हे याचे अगदी ताजे उदाहरण. तेथे इमारती उभ्या राहिल्या. पण नेरूळ-बेलापूरकडून खारकोपरपर्यंतची लोहमार्ग सेवा सुरू झाली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि उरणपर्यंत गाडी पोहोचली जानेवारी २०२४ मध्ये. त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. खारघरमध्येही बेलापूर ते पेंधर ही मेट्रो धावू लागली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. ज्याने या घोषणांच्या भरवशावर फार आधी गाळा घेतला, त्याला प्रतीक्षेची किंमत मोजावी लागली. ज्याने गाडी धावू लागल्यावर घेतला, त्याने किंमत अधिक दिली असेल, परंतु भाडेकरूही लवकर मिळविला असेल.

रिकाम्या गाळ्याची किंमत

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, गाळ्याची किंमत ८० लाख रुपये आहे आणि अपेक्षित भाडे दरमहा ४० हजार रुपये. वर्षाला ४ लाख ८० हजार, म्हणजे ६ टक्के उत्पन्न. सदनिकेच्या भाड्याच्या तुलनेत हा आकडा आकर्षक वाटतो. मात्र वसाहत भरण्यास ३ वर्षे लागली आणि तोवर गाळा बंद राहिला, तर १० वर्षांत केवळ ७ वर्षांचे भाडे हाती येईल : ३३ लाख ६० हजार रुपये. सरासरी उत्पन्न ४.२ टक्क्यांवर घसरते, आणि यात मालमत्ता कर व देखभाल खर्च धरलेला नाही. कर्ज काढून गाळा घेतला असेल, तर बंद शटरमागेही व्याज सुरूच राहते.

त्यातच पुरवठ्याचा प्रश्न असतो. एकाच रस्त्यावरील प्रत्येक इमारतीला गाळ्यांची रांग असेल, तर तीनशे कुटुंबांच्या वाट्याला चार किराणा दुकाने येतात आणि त्यातील दोन वर्षभरात बंद पडतात. भाडेकरू बदलला की मधले काही महिने गाळा पुन्हा रिकामा राहतो.

पाहणी कशी करावी

विकासकाने महारेराच्या संकेतस्थळावर दिलेल्या माहितीवरून प्रकल्पातील किती सदनिका विकल्या गेल्या, याचा अंदाज येतो. परंतु विकली गेलेली घरे आणि राहती घरे यांत फरक असतो. गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका कुलूपबंद असेल, तर ती पाव लिटर दूधही विकत घेत नाही. यासाठी प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. रात्री आठ-नऊच्या सुमारास किती खिडक्यांत दिवे दिसतात, ते मोजावे. सकाळी शाळेच्या बसथांब्यावर किती मुले उभी राहतात, ते पाहावे. दूध व वृत्तपत्र टाकणाऱ्यांना किती घरांत जातात, हे विचारावे. त्यांच्याइतका अचूक हिशेब क्वचितच कोणाकडे असतो.

गाळ्याची जागाही बारकाईने तपासावी. स्थानकावरून किंवा बसथांब्यावरून घरी परतणाऱ्यांच्या वाटेवर असलेला गाळा चालतो. त्याच इमारतीच्या मागील बाजूचा गाळा ओस पडू शकतो. समोर दुचाकी उभी करण्याची सोय, पुरेसा वीजभार, पाणी व स्वच्छतागृह, तसेच खाद्यपदार्थांचा व्यवसाय चालविण्यास सोसायटीची व नियोजन प्राधिकरणाची अनुमती या बाबी आधीच लेखी स्पष्ट करून घ्याव्यात.

कायदा व कर

रेरा कायद्यातील ‘अपार्टमेंट’ या संज्ञेत दुकान व कार्यालयाचाही समावेश होतो. त्यामुळे गाळ्याचा व्यवहारही चटई क्षेत्रावर आधारित असला पाहिजे. ‘सुपर बिल्टअप’चे मोघम आकडे मान्य करू नयेत. बांधकाम सुरू असलेल्या गाळ्यावर वस्तू व सेवा कर लागतो. गृहप्रकल्पातील व्यापारी चटई क्षेत्र एकूण चटई क्षेत्राच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर १ एप्रिल २०१९ पासूनच्या व्यवस्थेनुसार हा दर ५ टक्के आहे. त्याहून अधिक असल्यास दर वाढतो. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर खरेदी केलेल्या गाळ्यावर हा कर नाही.

गाळा भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये बंधनकारक आहे. याच कायद्यानुसार बँका, तसेच एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून संरक्षण मिळत नाही. अनेक मालक त्यांना गाळा देण्यास उत्सुक असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सारांश, नव्या गृहसंकुलातील गाळा ही वाईट गुंतवणूक नव्हे. ती वेळेची गुंतवणूक आहे. ज्याच्यापाशी काही वर्षे भाड्याविना थांबण्याची ऐपत आहे, त्याने बांधकाम सुरू असताना स्वस्तात गाळा घ्यावा. ज्याचा घरखर्च त्या भाड्यावर चालणार आहे, त्याने दोन पैसे अधिक मोजून भरलेल्या वस्तीतील, शक्यतो भाडेकरू असलेला गाळा पाहावा. पहिल्याला स्वस्ताईचा लाभ मिळतो, तर दुसऱ्याला महिन्याच्या महिन्याला हाती येणाऱ्या रकमेचा. आपण या दोहोंपैकी कोण आहोत, हे ठरवूनच इसार द्यावा.