दऱ्या, दर्या आणि न दिसणारा पाठभेद

सातपुड्याच्या 'दऱ्या' आणि कोकणचा 'दर्या' यांतला भेद लिपीत एका चिन्हावर उभा आहे. पहिल्या शब्दात 'र' आडवा होऊन 'य'ला बिलगतो. दुसऱ्यात तो रफार होऊन डोक्यावर चढतो. हिंदीचे पहिल्यावाचून भागते. आपल्याला मात्र शेतकऱ्याचे, तापीच्या किनाऱ्याचे, सातबाराच्या उताऱ्याचे नाव घ्यायचे तर तो लागतोच. संगणकावर मराठी आली तेव्हा याच अर्ध्या 'र'ची फरफट झाली.

१९९१च्या भारतीय मानकात, म्हणजे 'इस्की'त, तो नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून लिहावयाचा होता. युनिकोडचा देवनागरी आराखडा इस्कीवरच बेतलेला. तरी त्याच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी रीत होती: साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पुढे इस्कीची रीत मान्य झाली, पण जुन्या मजकुरासाठी दुसरीही ठेवावी लागली. एका अक्षराची दोन अधिकृत लेखने झाली ती अशी.

२००० साली ओपनऑफिसचा स्रोत खुला झाला. मुक्तस्रोताचे आश्वासन असे की, तोच स्रोत कोणत्याही प्रणालीवर नव्याने कंपाइल करून चालवता येतो. प्रोग्रॅम चालतही होता. मात्र अक्षरे जुळवण्याचे काम त्याने यजमानावर सोडले होते: विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर ॲपलची यंत्रणा, लिनक्सवर आयसीयू. धारिका एक आणि तिचे वाचक तीन. कंपायलर याबद्दल तक्रार करीत नाही. तो प्रोग्रॅमच्या भाषेचे व्याकरण तपासतो, आपल्या नव्हे.

यावरचा उपाय साधा, पण कष्टाचा होता. अक्षरजुळणी यजमानाकडून काढून घेऊन प्रोग्रॅमने स्वतःबरोबर वागवायची. हार्फबझ या मुक्त ग्रंथालयाचा भारतीय लिप्यांचा भाग २०१२ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि विकिपीडियातील शब्दांच्या मोठ्या याद्या घेऊन युनिस्क्राइबशी ताडून पाहिला गेला. मुक्त आज्ञावलीने बंदिस्त आज्ञावलीला प्रमाण मानावे, हा विनोदच. पण फॉन्ट तिच्यासाठीच बेतलेले होते, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. ओपनऑफिसमधूनच २०१० साली वेगळ्या झालेल्या लिबरऑफिसने २०१७च्या ५.३ आवृत्तीत सर्व प्रणालींवर हार्फबझ स्वीकारले.

दिसण्याचा प्रश्न असा बराचसा मिटला. उरला तो शोधण्याचा, आणि तो थेट आपल्या अभ्यासाचा आहे. वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. पोथ्या ताडून पाहणाऱ्या त्या परंपरेत पाठभेद डोळ्यांना दिसत असे. हा पाठभेद दिसत नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपलेली त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली. अशा संहितेच्या दोन प्रती दोन कळफलकांवर टंकित झाल्या, तर 'ऱ्या' असलेला शब्द एकीत सापडेल, दुसरीत 'नाही' असे उत्तर येईल, आणि शब्दसूची करणारा विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवील. युनिकोडचे ठरीव सामान्यीकरण ही दोन लेखने एक करीत नाही. ते काम सूची करण्यापूर्वी आपणच करावयाचे असते. एखादा प्रोग्रॅम अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून पुसून टाकतो, तेव्हा तर सातपुड्याच्या दऱ्यांचा खरोखरच दर्या होतो.