बाप्तिस्म्यानंतरची वाट

धर्मांतराचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. तो मनुष्य का गेला, हा पहिला. आणि त्यास कोणी नेले, हा दुसरा. गेल्यानंतर त्याचे काय झाले, नवा धर्म त्याच्या बुद्धीत व आचरणात कसा मुरला, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मी जन्मभर शाळेत मुले शिकविली. पटावर नाव चढले त्या दिवशीच विद्या आली, असे कोणताही मास्तर मानणार नाही. मग बाप्तिस्म्याच्या दिवशीच सारे घडून चुकले, असे तरी आपण का मानावे? महाराष्ट्रातील दोन थोर स्त्रियांच्या चरित्रांवरून या तिसऱ्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

पहिली स्त्री पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. दुष्काळाच्या फेऱ्यात आईबाप गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्य आल्यावर लहानग्या मनोरमेस घेऊन ती १८८३ साली विलायतेस गेली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. एवढा भाग बहुतेकांस ठाऊक असतो.

परंतु खरी हकीकत येथून सुरू होते. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या कॉलेजातील मिस डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना आपण एखाद्या जुन्या वादसभेत बसलो आहो असे वाटते. एक देव तीन रूपांत कसा, ख्रिस्ताचा जन्म लौकिक रीतीहून निराळा कसा, चर्चची आज्ञा मोठी की शास्त्रवचन मोठे, असे प्रश्न त्या निर्भयपणे विचारीत. बापाजवळ बसून शास्त्र शिकलेली ही मुलगी; पूर्वपक्ष पुरता ऐकल्याविना सिद्धान्त पत्करणे तिच्या रक्तातच नव्हते. गुरुभगिनींस हा गर्व वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे की, विवेकबुद्धी देवाने दिली आहे, ती दुसऱ्याच्या हाती सोपवावयाची नाही. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, आमच्या संस्कृताने काय पाप केले, असाही त्यांचा प्रश्न होता. धर्म पालटला, पण शाकाहार सुटला नाही. नव्या धर्मात येताना आपला देश व आपली भाषा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागते, हे त्यांस मान्य नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. यानंतरची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांस असे जाणवले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला खरा, पण खुद्द ख्रिस्त अद्याप सापडला नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही कबुली स्वतःच दिली आहे. बुद्धीने पटलेले अंतःकरणात उतरावयास आठ वर्षे लागली! पंडितेस इतका काळ लागला, तर सामान्यांची काय कथा?

या वाढीची किंमतही पडली. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असे वचन सुधारकांस मिळाले होते. पण श्रद्धा गाढ होत गेली तसतशी बाईंची प्रार्थना उघड्या दाराने होऊ लागली व काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. ज्या पालकांनी विश्वासाने मुली धाडल्या होत्या, त्यांचा संताप निराधार होता असे मला म्हणवत नाही. आणि जी गोष्ट आपणांस जीवाहून प्रिय झाली ती कडी लावून करावी, असे बाईंस सांगणेही सोपे नव्हते. येथे दोन्ही बाजूंस सच्ची माणसे होती, हेच या प्रकरणातील दुःख.

पुढे १८९६–९७ च्या भयंकर दुष्काळात रमाबाई आपल्या मध्यप्रांतात आल्या. वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात मोडत असे. भुकेने मरणाऱ्या निराधार मुलींस त्यांनी शेकड्यांनी उचलून नेले, आणि केडगावचे मुक्तिसदन भरले. दुष्काळ म्हणजे काय, हे त्या पोथीतून शिकल्या नव्हत्या. जे शास्त्र वादात तपासले होते, ते आता भाकरीत तपासले गेले.

तरीही अभ्यास थांबला नाही. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला आणि सगळे बायबल मूळ भाषांवरून मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. हेतू हा की, केडगावच्या अल्पशिक्षित बायकांस ते सोप्या बोलीत वाचता यावे. संस्कृतची पंडिता मुद्दाम संस्कृत शब्द टाळू लागली! १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

दुसरी स्त्री लक्ष्मीबाई टिळक. हिचा मार्ग अगदी निराळा. रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ नागपुरास होते. तेथून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे कायम ठेवून. त्यांच्या शंका त्रैक्याविषयी नव्हत्या, पाण्याच्या घागरीविषयी होत्या. कोणाच्या हातचे प्यावे, कोणाच्या हातचे प्यावयाचे नाही? जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता एके दिवशी त्यांचा निश्चय झाला की, यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, पिईन. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या निश्चयानंतर. रमाबाईंच्या बाबतीत विधी आधी व प्रतीती मागून; येथे आचरण आधी व विधी मागून.

आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे गिरविलेल्या याच बाईंनी, १९१९ साली टिळक निवर्तल्यावर, त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी भाषेस चिरंतन ऋणी करून ठेवले.

शेवटी आमच्या वर्ध्याची एक आठवण सांगतो. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जो. कॉ. कुमारप्पा हे जन्माने ख्रिस्ती. धर्म घरातच मिळालेला. पण मिळालेली पुंजी नुसती सांभाळण्यात त्यांस समाधान नव्हते. जबलपूरच्या तुरुंगात असता त्यांनी येशूच्या आचार व उपदेशांवर पुस्तक लिहिले. गांधीजींनी त्यास प्रस्तावना दिली, आणि ग्रामोद्योगाच्या पदवीबरोबर ईश्वरविद्येची ‘डॉक्टर’ ही पदवीही त्यांस कौतुकाने बहाल केली. अर्थशास्त्री मनुष्याने तेलघाणी व हातकागद यांत येशूची शिकवण शोधावी, हेही वाढणेच होय.

तेव्हा धर्म पालटलेला असो वा वडिलार्जित असो, प्रश्न एकच उरतो. ज्या दिवशी तो आपला झाला त्या दिवसापासून आजवर आपण त्यात किती शिकलो, किती तपासले, आणि त्यापायी काय सोडले? रमाबाई व लक्ष्मीबाई यांची उत्तरे आपण ऐकली. ज्याने त्याने आपले उत्तर आपल्या घरी शोधावे.