चाचांचे कान आणि तीस मिलिग्रॅम

शहागंजात घड्याळाच्या टॉवरजवळ मी भाड्याने राहते. खालच्या मजल्यावरचे चाचा तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमधून बरे झाले, पण आता त्यांना ऐकू कमी येतं, कानात सारखी शिट्टी वाजते. मी प्लॅटिनमच्या संयुगांवर पीएच.डी. करते हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "बेटा, दवाई तो अच्छी थी, फिर मेरे कान कायकू ले गई?"

त्यासाठी थोडं मागे जाऊ. सिसप्लॅटिन इटलीच्या मिकेले पेरोने यांनी 1840च्या दशकात बनवलं आणि शंभरेक वर्षं ते नुसतं रसायनच राहिलं. 1965 मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग बॅक्टेरियावर विद्युतक्षेत्राचा परिणाम बघत होते. बॅक्टेरिया विभागायचे थांबले आणि दोऱ्यासारखे लांब झाले. श्रेय विजेचं नव्हतंच, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमचं होतं! 1978 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

आता रसायन बघा. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून रेणूवरचे दोन क्लोराइड बऱ्यापैकी टिकतात. पेशीत क्लोराइड कमी, तिथे ते सुटतात, जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएला चिकटतं. पण हा रेणू फक्त गाठीतच जातो असं नाही. किडनीत जातो, कानात जातो. कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत.

किडनी बऱ्याच अंशी वाचवली ती नव्या रेणूने नव्हे, औषधासोबत भरपूर सलाईन देण्याने. मग लंडनमध्ये कार्बोप्लॅटिन आलं. क्लोराइडच्या जागी हळू सुटणारा लिगँड, म्हणून किडनीला आणि कानाला त्रास कमी, पण प्लेटलेट घसरतात. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत मात्र आजही पहिली पसंती सिसप्लॅटिनलाच.

मग डोसच कमी केला तर? हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियलने घेतला. दर आठवड्याला 30 मिलिग्रॅम (शरीराच्या प्रति चौरस मीटरला) की दर तीन आठवड्यांनी 100? रुग्ण 300, बहुतेकांचं ऑपरेशन झालेलं. इथे नीट लक्ष द्या, मुलाखतीत हमखास अडकायला होतं. ही 'नॉन-इन्फेरिऑरिटी' चाचणी होती. छोटा डोस सरस आहे का, हा प्रश्नच नव्हता. तो फार कमी तर पडत नाही ना, एवढंच बघायचं होतं, आणि 'फार' म्हणजे 10 टक्के हे आधीच ठरलं होतं.

2018 मध्ये निकाल छापून आला. गंभीर दुष्परिणाम 84.6 वरून 71.6 टक्क्यांवर आले. पण दोन वर्षांनी त्या भागातला रोग आटोक्यात राहिलेले रुग्ण मोठ्या डोसमध्ये 73.1 टक्के, छोट्या डोसमध्ये 58.5. फरक 14.6. जगण्याच्या कालावधीत ठोस फरक दिसला नाही, तरी रोगाच्या बाबतीत छोटा डोस नापास.

एवढ्यावर "साप्ताहिक डोस वाईट" असं लिहून मोकळे होऊ नका (मी माझ्या सेमिनारमध्ये तेच केलं होतं आणि गाइडने थांबवलं). 2022 मध्ये जपानच्या चाचणीत, ऑपरेशन झालेल्या रुग्णांमध्येच, साप्ताहिक 40 मिलिग्रॅम कमी पडलं नाही. म्हणजे घोळ बहुधा 'साप्ताहिक' या शब्दात नसून 30 या आकड्यात होता.

चाचांची फाइल पाहिली. तीन आठवड्यांनी 100 चाच डोस होता. 73 आणि 58 चा हिशोब मी त्यांना मोठ्याने, दोनदा सांगितला. ते म्हणाले, "मतलब कान देके जबान बचाई." मी लगेच हो म्हणाले नाही, कारण 40 मिलिग्रॅममध्ये कदाचित दोन्ही वाचलं असतं.