करवंटीचा चुरा आणि रामटेकचं पाणी

हातात करवंटी येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. भिकेला लागणं. नारळातलं पाणी प्यायलो, खोबरं खाल्लं, उरलेली करवंटी बंबात गेली. आजची गोष्ट त्या करवंटीची आहे.

आधी थोडं तांत्रिक, पण कंटाळू नका, गंमत इथेच आहे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी वाळूच्या थरातून गाळतात. थर तुंबला की खालून वर जोरात पाणी सोडून तो धुतात. धुताना वाळू उसळते आणि परत बसताना जाड कण तळाला जातात, बारीक कण वर राहतात. म्हणजे सगळ्यात बारीक जाळी नेमकी वरच्या बाजूला! गाळ वरच्यावरच अडतो आणि खालची बरीचशी वाळू नुसती बसून राहते.

यावर अमेरिकेत उपाय निघाला होता. वाळूवर अँथ्रासाइट कोळशाच्या जाड दाण्यांचा थर द्यायचा. कोळसा वाळूपेक्षा हलका, त्यामुळे दाणा जाड असूनही धुतल्यावर तो परत वरच येतो. मोठा गाळ कोळशात अडतो, बारीक गाळ खालच्या वाळूत. तेवढ्याच टाकीतून दीडपट-दुप्पट पाणी निघतं. अडचण एवढीच, की तसा कोळसा आपल्याकडे सहजी मिळत नाही आणि नगरपालिकेची तिजोरी तर तुम्हाला माहीतच आहे.

महाराष्ट्रातले पाणीपुरवठा अभियंता जे. एन. कर्डिले यांनी इथे करवंटी आणली. जाळून नाही हं! करवंटीचा कोळसा करून वापरतात ती वेगळी गोष्ट, पुष्कळांचा इथे घोळ होतो. कर्डिल्यांनी कच्ची करवंटीच भरडली. एक-दोन मिलिमीटरचा चुरा, वाळूपेक्षा कितीतरी हलका, म्हणजे अँथ्रासाइटचं काम करणारा. 1972 मध्ये त्यांनी हे इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या नियतकालिकात मांडलं.

लाकडासारखी वस्तू पिण्याच्या पाण्यात ठेवायची, ती कुजणार नाही का? ही शंका रास्तच आहे. पण करवंटी किती चिवट असते, ते नारळ फोडणाऱ्या कोणालाही विचारा.

मग 1973 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकला, दिवसाला 24 लाख लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. रामटेक काही नारळीच्या बागांचा मुलूख नव्हे, पण देवळात नारळ फुटतातच! पुढे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव आणि नाशिकजवळचं चांदोरी. तिथे नुसता चुराच नव्हता. पाणी ढवळायच्या यंत्राऐवजी खडीचा थर आणि गाळ बसायला तिरक्या नळ्या. बिघडायला जागाच कमी ठेवलेली. मला विचाराल तर खरं डोकं इथे आहे. छोट्या गावात यंत्र बंद पडलं की महिनोन्महिने बंदच राहतं, हे जाणून केलेली ती रचना आहे. विकसनशील देशांतल्या जलशुद्धीकरणावर शुल्झ आणि ओकुन या अमेरिकी अभियंत्यांनी 1984 मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात ही केंद्रं तपशिलाने आली आहेत. आपल्याकडे मात्र हे फारसं कोणाला ठाऊक नाही.

याउलट भाताच्या तुसाची गोष्ट गाजली. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात तुसाची राख, सिमेंट आणि बारीक खडे वापरून 'सुजल' नावाचं घरगुती गाळणं तयार झालं. त्सुनामीनंतर 2004-05 मध्ये ते मदतकार्यात पोचलं. राखेत मुख्यतः सिलिका असते, गाळायला उत्तम, पण जंतू मारायला ती एकटी पुरत नाही. म्हणून 2009 मध्ये तिला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड मिळाली आणि 'टाटा स्वच्छ' बाजारात आलं. सुरुवातीची किंमत 749 रुपयांपासून. जाहिराती झाल्या, घरोघरी नाव झालं.

पण 'स्वच्छ' ज्याचं त्याने विकत घ्यायचं. रामटेकचा चुरा गावाच्या टाकीत होता, नळ उघडणाऱ्या प्रत्येकासाठी. त्याची देखभालही अर्थात गावाकडेच. चुरा हलका, त्यामुळे धुताना पाण्याचा जोर जरा जास्त झाला की तो नाल्यात वाहून जातो आणि मग नवा भरावा लागतो. ते सगळं व्हॉल्व्हवर हात ठेवून उभ्या असलेल्या कामगारावर.