तेल, पाणी आणि रिठा : प्रस्तावना

वसईच्या किनाऱ्यावरच्या राजोडी, नवापूर, कळंब या पट्ट्यातल्या वाड्यांना निंबोळी तेलाची फवारणी नवी नाही. पाठीवरचा पंप 16 लिटरचा, तेल लिटरला 5 मिली, म्हणजे एका टाकीला 80 मिली. हे तेल तसेच पाण्यात ओतले तर ते वर तरंगते आणि पंप मात्र तळातून ओढतो. त्यामुळे पहिल्या सरींवर नुसते पाणी पडते, आणि टाकी रिकामी होत आली की शेवटच्या रोपांवर जवळजवळ निव्वळ तेल. कीड तशीच राहते, शेवटची पाने करपतात, आणि खापर फुटते कडुनिंबाच्या माथी. वनस्पतिज पृष्ठक्रियाकारकांचा विषय मी नव्या वाचकापुढे इथूनच ठेवतो. काचेच्या चंचुपात्रापेक्षा फवारणीच्या टाकीत तो लवकर कळतो.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अडचण आहे ती पृष्ठभागाची. 80 मिली तेल 5 मायक्रॉन व्यासाच्या थेंबांत फोडले, तर सगळ्या थेंबांचे मिळून पृष्ठफळ 96 चौरस मीटर होते. गुंठा 101 चौरस मीटरचा. म्हणजे फवारणाऱ्याच्या पाठीवर तेल आणि पाणी यांची गुंठाभर हद्द असते, आणि ती कमी करण्यासाठी थेंब सतत एकमेकांत विलीन व्हायला टपलेले असतात. एक टोक तेलात रमणारे व दुसरे पाण्यात रमणारे असे रेणू, म्हणजेच पृष्ठक्रियाकारक, त्या हद्दीवर पसरले, की हद्द राखणे स्वस्त पडते आणि थेंबांमध्ये आडकाठीही उभी राहते. एक चौरस मीटर झाकायला असा पदार्थ साधारण एक ते तीन मिलिग्रॅम लागतो. कागदावर आपल्या गुंठ्याचे काम पाव ग्रॅमच्या आसपास भागते. प्रत्यक्षात बराच जास्त घालावा लागतो, कारण त्यातला मोठा भाग हद्दीवर न जाता पाण्यातच विरघळून राहतो.

थेंब किती बारीक, यावर बाकीचे बरेच ठरते. वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 50 मायक्रॉनचा निंबोळी तेलाचा थेंब तासाभरात साधारण 40 सेंटीमीटर चढतो, म्हणजे पंपाची टाकी जवळजवळ पार करतो. 5 मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच वेळात चार मिलिमीटर सरकतो. म्हणून काठीने ढवळणे आणि रवीने घुसळणे यांत फरक पडतो. आधी थोड्या दाट रिठ्याच्या पाण्यात तेल घुसळून दुधासारखे करावे आणि मग ते टाकीतल्या पाण्यात सोडावे, या जुन्या सल्ल्यालाही त्यामुळेच अर्थ आहे. सगळे एकदम ओतून घुसळले तर जोर पाणी फिरवण्यातच खर्ची पडतो.

रिठ्याचे काळे बी आपल्या कामाचे नाही. सुरकुतलेले, चिकट, तपकिरी टरफल रात्रभर भिजत घालावे, सकाळी कुस्करून गाळावे. टरफलाच्या वजनाचा ढोबळमानाने दहावा हिस्सा सॅपोनिन, म्हणजे रिठ्यातला पृष्ठक्रियाकारक, असतो. त्याच्या रेणूत एक ताठ, स्निग्धप्रेमी सांगाडा असतो आणि त्याला लोंबणारी शर्करेची साखळी. साबणाचे रेणू हद्दीवर सैल गर्दी करतात. सॅपोनिनचे रेणू एकमेकांना धरून घट्ट, लवचिक साय धरतात. थेंब आदळले तरी ती सहज फाटत नाही. इथे नवशिक्यांची एक ठरलेली फसगत सांगतो. रिठ्याला फेस भरपूर येतो, आणि फेस पाहून पायस, म्हणजे तेल-पाण्याचे दुधाळ मिश्रण, चांगले जमले असे वाटते. फेस ही हवेची गोष्ट आहे. तेलाचे काय झाले, ते फेस खाली बसल्यावर कळते.

मग साधा साबण का नको? कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत 5 टक्के निंबोळी अर्काच्या 100 लिटरला 200 ग्रॅम साबणचुरा असतोच, आणि गोड्या पाण्यात तो उत्तम चालतो. पण वसईच्या किनाऱ्यावर उपसा वाढत गेला तसे अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला गाठतात आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. साबण असा खर्ची पडला की हद्दीवर कोणीच उरत नाही. वर तो साका नोझलमध्ये अडकतो तो वेगळाच. सॅपोनिनचा असा साका होत नाही. रिठ्याची बाजू मी घेतो ती या पाण्यामुळे, पूर्वजांच्या अभिमानापोटी नव्हे. बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळ्याचे, गोडे पाणी हाताशी असेल त्याने खुशाल साबण वापरावा.

स्वयंपाकघरात हीच कथा प्रथिने सांगतात. नारळाच्या रसात तेलाचे थेंब नारळाच्याच प्रथिनांनी झाकलेले असतात. रस 80 अंशांच्या आसपास तापला की ती प्रथिने आकार बदलून गोळा होतात. रस घातल्यावर खळखळून उकळू नये, ही आजीची ताकीद त्यामुळेच. सोलकढीत आच नसते, पण कोकमाचा आंबटपणा प्रथिनांवरचा विद्युतभार उतरवतो, थेंब गुच्छ करतात, आणि ठेवून दिलेली कढी वर दाट व खाली पाणीदार होते. पळीने ढवळली की पुन्हा एक होते, कारण थेंब एकमेकांजवळ आलेले असतात, विलीन झालेले नसतात. हा भेद या शास्त्रात जन्मभर उपयोगी पडतो.

पुढील प्रकरणांत धावड्याचा डिंक येईल. आपण तो लाडवांत घालतो आणि बाहेरचे जग त्याला गम घट्टी म्हणून ओळखून पेयांतली सुगंधी तेले त्यावर तोलून धरते. सोयाबीन तेल शुद्ध करताना निघणारे लेसिथिन येईल, चिलीतल्या क्विलाया झाडाची साल येईल. बॅनक्रॉफ्टचा 1913 चा नियमही येईल : पृष्ठक्रियाकारक ज्या द्रवात अधिक विरघळतो, तो द्रव बाहेरचा राहतो. पृष्ठक्रियाकारकाचा ओढा पाण्याकडे किती आणि तेलाकडे किती हे आकड्यात सांगणारी, ग्रिफिनने 1949 मध्ये मांडलेली एचएलबी श्रेणी सगळे पाठ करतात. ती कृत्रिम पदार्थांसाठी बांधली गेली होती, रिठ्याला तिचा आकडा चिकटवून हिशेब करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला अधिक खोलात जायचे आहे, त्याने विरार लोकलने दादर गाठावे. तिथून माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था दूर नाही. 1933 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत तेले आणि पृष्ठक्रियाकारकांचा स्वतंत्र विभाग आहे.

'स्थिर' हे विशेषण मात्र जपून वापरावे. फवारणीला दोन तास पुरतात, सोलकढीला पंगत उठेपर्यंत. चेहऱ्याच्या मलमाला दोन वर्षे हवीत, आणि घरगुती रिठ्याच्या पाण्याला तर काही दिवसांतच बुरशी धरते. थेंब टिकले तरी मलम नासते. 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहून अशी मलमे विकणाऱ्यांनी टिकाऊपणाचा प्रश्न सोडवलेला नसतो, फक्त लेबलावरून पुसलेला असतो.

आणखी एक. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांतल्या पेशी फोडते. सॅपोनिनयुक्त वनस्पती पाण्यात कुटून मासे धरण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा रिठ्याचा पंप बावखलात धुऊ नये.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एवढे करावे. एकसारख्या तीन बाटल्या घ्याव्यात. एकीत आपल्या विहिरीचे नुसते पाणी, दुसरीत त्यात साबण, तिसरीत रिठ्याचे गाळलेले पाणी. तिन्हींत सारखे तेल घालून सारखेच हलवावे आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. दहा मिनिटांनी, तासाने आणि दोन तासांनी वरचा थर किती मिलिमीटर झाला ते लिहून ठेवावे. तिसऱ्या प्रकरणातले आलेख त्या नोंदींशेजारी ठेवूनच वाचायचे आहेत.